कौमुदी, मऊ बूट आणि भैरोबाचा माथा

रात्रभर गादीवर लोळलेला पाय सकाळी पहिल्याच पावलाला ठणकतो, आणि घरभर चार फेऱ्या मारल्या की गप्प होतो, हे कसं काय? दुखायचंच असेल तर दिवसभर चालून दमल्यावर दुखावं. झोपून राहिलेल्या पायाला दुखायचं काय कारण?

कौमुदी रोज सकाळी पलंगाच्या कडेवर बसून या कोड्याशी झटापट करायची. उत्तर काही सापडायचं नाही. मग ती भीतभीत पाय फरशीवर टेकवायची, डाव्या टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ उठायची आणि तोंडातून ‘आई गं’ निघायचं. आई मात्र हाकेच्या टप्प्यात नव्हती. ती चंद्रावर होती.

कौमुदीचा जन्मच मुळी चंद्रावरचा. तिथल्या वस्तीत बर्फापासून पाणी काढायचा कारखाना होता आणि तिची आई त्या कारखान्यात अभियंता होती. दहा वर्षांची झाल्यावर कौमुदी पहिल्यांदा पृथ्वीवर आली, ती भैरववाडीला आजोबांकडे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला जमिनीकडे खेचणारी ओढ) पृथ्वीच्या मानाने फक्त सहावा हिस्सा. त्यामुळे तिथे काट्यावर पाच किलो भरणारी ही मुलगी इथे उतरताक्षणी तीस किलोची झाली, आणि तेही काहीएक न खाता. वस्तीतली मुलं रोज फिरत्या खोलीत (गरगर फिरून वजन वाढवणाऱ्या व्यायामाच्या खोलीत) धावायची, म्हणून तिची हाडं भक्कम होती. पण त्या खोलीची जमीन सपाट आणि गुळगुळीत. धोंडे, चढ आणि वाळलं गवत तिच्या पायांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

तरी तिला इथेच राहायचं होतं. आईचं चंद्रावरचं काम संपायला अजून वर्ष होतं, आणि ते वर्ष तिला इथल्या शाळेत काढायचं होतं. तिला इथला वारा फार आवडला होता. चंद्रावर वारा नसतो, हे ज्यांनी रोज वारा खाल्ला आहे त्यांना काय कळणार?

आईला मात्र काळजी होती. तिने पडद्यावरून अट घातली.

“तुझ्या अंगणातून भैरोबाचा माथा दिसतो ना? त्यावर आजोबांनी हौसेने बांधलेली जुनी वेधशाळा आहे. तिथला हिरवा लेझर दिवा चंद्रावरून दिसतो. पुढच्या महिन्यातल्या शुद्ध अष्टमीला संध्याकाळी तू स्वतःच्या पायांनी वर चढ आणि तो दिवा लाव. मी दुर्बिणीला डोळा लावून बसेन. दिवा दिसला की मी इकडून दोनदा दिवा लुकलुकवेन. म्हणजे राहा. नाही दिसला, तर दशमीच्या यानाने मुकाट्याने परत यायचं.”

“आणि मला कुणी उचलून नेलं तर तुला कसं कळणार?” कौमुदीने विचारलं.

“तू खोटं बोलणार नाहीस, एवढं मला कळतं,” आई म्हणाली.

आता आजोबांविषयी सांगायला हवं. त्यांनी हयातभर एकच उद्योग केला होता, यंत्रमानवांचे पाय बनवण्याचा. दरडी कोसळलेल्या जागी, बर्फाच्या उतारांवर, ज्वालामुखीच्या राखेत चालणारे पाय. त्यांच्या घरी हेलपाट्या नावाचं एक चार पायांचं यंत्र होतं. ते डोंगरावर सामानाची ने-आण करायचं आणि मधूनमधून आगंतुक सल्ले द्यायचं. असा हा पायांमधला पंडित, नात येणार म्हटल्यावर हरखून तालुक्याला गेला आणि बूट घेऊन आला.

बूट कसे घेतले? बाजारात हापूस निवडावा तसे. प्रत्येक बुटाच्या आत अंगठा दाबून बघितला आणि ज्यात अंगठा सर्वांत खोल रुतला तो जोड उचलला. शिवाय दोन नंबर मोठा. “वाढता पाय आहे, वर्षभर तरी पुरायला हवेत,” असं दुकानदाराला सांगून पुढे बोटांशी कापसाचा बोळाही कोंबून घेतला. आपल्याकडे वाढत्या मापाचे कपडे, वाढत्या मापाचे बूट हा घराघरातला कायदाच आहे. तिथे शास्त्रज्ञ असो की आणखी कुणी, सगळे सारखेच.

बूट पायात घातल्यावर कौमुदीला ढगावर उभं राहिल्यासारखं वाटलं. आठवड्याने टाच दुखायला लागली. आजोबांनी आणखी एक मऊ गादी आणून बुटात घातली. टाच जास्तच दुखायला लागली.

मग एका दुपारी ती हट्टाने डोंगराकडे निघाली. अर्ध्या वाटेवर पाण्याचं टाकं आहे, तिथवर कशीबशी पोचली आणि कातळावर बसून रडायला लागली. टाचेला बोट लावू देईना. शेवटी हेलपाट्याने तिला पाठीवर घेतलं. तो अगदी जपून उतरत होता, पण कौमुदीला त्या प्रवासाची लाज वाटत होती. आपण या पृथ्वीला पुरे पडत नाही, असं तिला वाटत होतं.

अंगणात आल्यावर आजोबा हळूच म्हणाले, “मी आईशी बोलतो. अट जरा सैल करायला सांगतो.”

“नको,” कौमुदी म्हणाली. नाक पुसत ती हेलपाट्याच्या पुढ्यात बसून राहिली. समोरच त्याचं पाऊल होतं. तिने सहज त्यावर अंगठा दाबला. रुतला नाही. खाली रबराचा पातळ थर आणि वर टणक पट्टी. तिने ते पाऊल पिळून पाहिलं, पिळलं जाईना. वाकवून पाहिलं, तर फक्त पुढच्या टोकाशी वाकलं.

“आजोबा, तुम्ही याला मऊ पाय का नाही दिले?”

“दिले होते,” आजोबा बोलून गेले. “अगदी पहिल्यांदा स्पंजाचेच दिले होते. पहिल्या उतारावर प्रत्येक पाऊल वेगळीकडे कललं आणि सांध्यांच्या तारा ताणून...”

ते बोलता बोलता थांबले. नातीच्या बुटांकडे पाहिलं. हेलपाट्याच्या पायांकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,” ते म्हणाले. “पोरी, पाय धुऊन ये. पुसू नकोस.”

ती ओल्या पायांनी पडवीतल्या शहाबादी फरशीवर चालली. मागे पावलं उमटली. आजोबांनी तिला ती नीट बघायला लावली. टाच उमटली होती, बाहेरची कड उमटली होती, बोटं आणि बोटांमागचा उंचवटा उमटला होता. आतल्या बाजूची फरशी मात्र कोरडी होती.

“इथे पाय टेकलाच नाही,” कौमुदी म्हणाली.

“कारण तिथे हाडांची कमान आहे. देवळाच्या दाराला असते ना, तशी. आता ही कमान ताणून कोण धरतं ते बघ.” आजोबांनी बांबूची एक कामटी वाकवली आणि तिच्या दोन टोकांना सुतळी बांधली. “कामटी म्हणजे हाडं. सुतळी म्हणजे तळपट्टी (टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यातून जाणारा चिवट पट्टा). आता वरून दाब.”

कौमुदीने दाबलं. कमान खाली बसली, टोकं लांब गेली आणि सुतळी ताणून कडक झाली. सोडल्यावर कमान पुन्हा उभी राहिली.

“आता चंद्रावर असल्यासारखं दाब,” आजोबा म्हणाले. तिने एका बोटाने हलकेच दाबलं. सुतळी जेमतेम ताणली. फिरती खोली सोडली तर दहा वर्षं आपली सुतळी एवढीच ताणली गेली होती, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने आपणहून पूर्ण तळहात टेकवून जोर दिला. आणि एकदम तिला सकाळचं कोडं आठवलं.

“रात्री पाय टेकलेलाच नसतो. म्हणजे सुतळी सैल होऊन आखडत असेल?”

“आखडते. आणि सकाळी तू एकदम तीस किलोंनी ती खेचतेस. टाचेपाशी जिथे ती जोडलेली असते तिथे आधीच बारीक इजा झालेली. मग कळ येणारच. थोडं चाललं की पट्टी मोकळी होते, दुखणं मागे सरतं. पण दिवसभर चुकीच्या बुटांत चालून इजा पुन्हा ताजी होते.”

“पण बूट मऊ होते की.”

“आपली परसातली बाज आठव. तिची सुंभं सैल पडली आहेत. बसायला मऊ लागते, पण रात्रभर झोपलं की पाठ धरते. मऊपणा वेगळा आणि आधार वेगळा. स्पंज दबत जातो आणि त्याच्यासोबत कमान दबत जाते. जितका मऊ, तितकी खाली. वर मी अजून एक गादी घातली. म्हाताऱ्याची अक्कल.”

“आणि दोन नंबर मोठे का वाईट?”

आजोबांनी मोठ्या बुटात तिचा पाय ठेवला. “बुटातही कमानीखाली एक उंचवटा असतो. तो तुझ्या कमानीखाली यायला हवा. इथे तो बोटांकडे सरकलाय. बूट वाकतो एकीकडे, तुझा पाय वाकतो दुसरीकडे, आणि टाच मागे डुगडुगते. वर्षभर पुरायला आणले, पण आठवडाभरही धड चालता आलं नाही.”

त्यांनी आधी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पाय दाखवला. हाड मोडलेलं नाही ना, याची खात्री केली. बाईंनीही तळपट्टीचंच नाव घेतलं आणि आठवडाभर डोंगर बंद केला. मग दोघं तालुक्याला गेली, पण संध्याकाळी. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतो आणि डोंगर चढायचा असतो तोही सुजलेल्याच पायाने, म्हणून माप संध्याकाळीच घ्यायचं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आजोबांनी दुकानात जे काही केलं ते बघायला रस्त्यावरची माणसं थांबली. एकेक बूट हातात घेऊन ते धुतलेल्या पंच्यासारखा पिळायला बघायचे. जो पिळला जाई तो बाजूला. मग कौमुदी बूट वाकवायची. मधोमध घडी पडली की तोही बाजूला, कारण पाय मधोमध वाकत नाही, बोटांपाशी वाकतो. मग टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबायची. ती चेपली तर टाच जागेवर कोण धरणार? खाली खोल खाचा हव्यात, म्हणजे मुरमावर घसरगुंडी नको. शेवटी जाड मोजे घालून कौमुदी उभी राहिली, तेव्हा सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरली. बोटं हलत होती, टाच हलत नव्हती.

“एक नंबर मोठा देऊ का? वाढता पाय आहे,” दुकानदार सवयीने म्हणाला.

“मापाचाच द्या,” आजोबा आणि नात एकाच वेळी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाच पुन्हा दुखली, आणि कौमुदी हिरमुसली. “पी हळद आणि हो गोरी, असं नसतं,” आजोबा म्हणाले. उठण्याआधी पायाच्या बोटांना टॉवेल अडकवून तळवा ताणायचा, कडक फरशीवर अनवाणी फिरायचं नाही, घरातही आधार देणाऱ्या स्वच्छ चपला घालायच्या आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं जास्त चालायचं. हळूहळू टाचेचं ओरडणं थांबलं. ती नुसती कुरकुरायला लागली.

अष्टमीला उन्हं उतरताना तिघं निघाली. टाक्यापाशी कौमुदी त्याच कातळावर बसली. टाच जाणवत होती. पुढचा चढ उभा होता.

“ताई, पाठ रिकामी आहे,” हेलपाट्या म्हणाला. “मी कुणाला सांगणार नाही.”

“मी सांगेन ना,” कौमुदी म्हणाली. ती पाणी प्यायली, बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या आणि उठली. मुरूम पायाखाली सरकत होता, पण बूट कलत नव्हता. कमानीखाली कुणीतरी तळहात धरल्यासारखं तिला वाटत होतं. ती थांबत थांबत, धापा टाकत, एकदा गुडघ्यावर आपटून, पण चढत राहिली.

माथ्यावर वारा भन्नाट होता. सूर्य बुडाला होता आणि डोक्यावर अर्धा चंद्र होता. त्याच्या काळोख्या अर्ध्या भागात कुठेतरी वस्ती होती. आजोबांनी दिव्याचं तोंड तिकडे वळवलं. कौमुदीने बटण दाबलं.

“प्रकाशाला जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा,” आजोबा म्हणाले.

अडीच सेकंद झाले. कितीतरी वेळ गेला. काळोखात काहीच दिसलं नाही.

“तिला दिसला नाही,” कौमुदी म्हणाली.

“ताई, पुन्हा दाबा,” हेलपाट्या म्हणाला.

तिने पुन्हा दाबलं. आणि काळोख्या चंद्रावर मोहरीएवढा हिरवा ठिपका लुकलुकला. एकदा. दोनदा. मग थांबून पुन्हा दोनदा, आणि पुन्हा दोनदा. थांबायलाच तयार नव्हता.

“पहिल्यांदा का नाही दाखवला तिने?”

आजोबा चष्मा काढून पुसत होते. “डोळ्यांत पाणी आलं की दुर्बिणीतून काही दिसत नाही, पोरी. चष्म्यातूनही दिसत नाही.”

कौमुदी त्यांना बिलगून उभी राहिली. खाली वाडीत दिवे लागत होते, त्यात तिच्या शाळेचाही एक असेल. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आजोबा, पुढच्या वर्षी आई येईल. अकरा वर्षांनी येईल. तिच्याही तळपट्ट्या चंद्राच्या झाल्या असतील ना?”

“असणारच.”

“मग तिचे बूट मी निवडणार. आपण तिला संध्याकाळी दुकानात नेऊ.”

“आणि एक नंबर मोठे?” आजोबांनी विचारलं.

“मापाचे,” कौमुदी म्हणाली, आणि उतरणीचं पहिलं पाऊल टाकलं.