आवाजाचं कार्ड वापरात आहे

तुमच्यापैकी निम्मे जण खाली ‘फेकाफेकी’ असं लिहिणार, हे मला माहीत आहे. खुशाल लिहा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि ज्याच्या कानात घडलं, तो माझा नवरा आहे.

भुतं रात्रीच येतात असं कुणी ठरवलं कोण जाणे. हे सगळं भर उन्हात झालं. महाडमध्ये, माणसांनी गजबजलेल्या मोहल्ल्यात.

तारीख वीस मार्च २००३. चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला गावोगावची माणसं आली होती, रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच सकाळी टीव्हीवर इराकचं युद्ध सुरू झालं होतं.

पण सुरुवात त्याच्या महिनाभर आधीची आहे.

मी अनुपमा. मी आणि माझा नवरा यशराज मिळून महाडमध्ये कॉम्प्युटर क्लास चालवायचो. शिकवायचं मी, आणि एमआयडीसीतल्या ऑफिसांची बिघडलेली मशीनं उघडून बसायचं त्यानं. माझ्या तोंडाला कुलूप नाही आणि त्याच्या तोंडाची किल्ली हरवलेली, असं माझी सासू म्हणायची. खरंच आहे ते.

एक दिवस बिलाल आला. त्याचे दोन ट्रक होते, आमच्या गल्लीतच उभे असायचे. बराच वेळ दारात घुटमळला.

“मॅडम, आमच्या भाबीचा कॉम्प्युटर बघायला याल? ती म्हणते, त्यातून भावाचा आवाज येतो.”

“मग येत असेल की. इंटरनेटवरून बोलतात हल्ली,” मी म्हणाले.

“भाऊ रमजानपासून बेपत्ता हाय.”

त्याचा भाऊ इस्माईल कुवेतला ट्रेलर चालवायचा. रमजानच्या महिन्यात माल घेऊन निघाला तो परत आलाच नाही. कंपनीनं कळवलं, काम सोडून पळाला. त्याची बायको बेगम मात्र म्हणत होती, पळालेला माणूस रोज हाक मारतो काय?

“एकदा मशीन बघून सांगा, की काय नाय त्यात. माझं ऐकत नाय ती. जेवत पण नाय धड,” बिलाल म्हणाला.

आम्ही गेलो.

बेगमचाची चाळिशीच्या आसपासची. डोळ्यांखाली काळं, पण बोलणं अगदी शुद्धीतलं. वेडी बाई बघायला गेलेल्या मला जरा लाजच वाटली. इस्माईलनंच पाठवलेला कॉम्प्युटर होता, विंडोज ९८ असलेला. त्यावरून दोघं हेडफोन लावून बोलायचे.

यशराजनं टेबलामागे वाकून बघितलं.

“चाची, फोनची वायर कुठाय?”

“रस्ता खणला तेव्हापासून फोन बंदच हाय.”

“मग इंटरनेट?”

“ते मला नको विचारू, बाळा. असरच्या नमाजेच्या सुमाराला येतो आवाज. दुपार कलली की.”

“काय म्हणतात?”

“बेगम, ऐकू येतं काय गो… एवढंच. मी ओरडून सांगते, येतं, येतं, बोला! पण माझं तिकडं जातच नाय.” तिनं पदर सारखा केला. “मला तो आवाज बंद नाय करायचा. माझा त्यांच्यापर्यंत जाऊ दे. एवढं कर रे माझं.”

बिलाल मान खाली घालून उभा होता.

माईक लावायचं भोक आतून जळलेलं होतं, म्हणजे तिचा आवाज जाणं शक्यच नव्हतं. यशराजनं तिला समजेल असं सांगितलं. बोलायचा प्रोग्राम जुना झालाय. नवा प्रोग्राम या विंडोजवर चालत नाही, त्यासाठी एक्सपी टाकावं लागेल. आणि एक्सपी टाकण्याआधी या मशीनला ते झेपेल का, हे तपासावं लागतं.

माझ्या कानात तो हळूच म्हणाला, “निदान नवा माईक तरी चालेल. बोलून मोकळी होईल बिचारी.”

मला ते पटलं होतं.

त्यानं एक्सपीची सीडी घातली आणि तपासणी सुरू केली. मशीनच सांगतं, कुठला भाग चालेल आणि कुठला नाही. थोड्या वेळानं निकाल आला. एकच अडचण होती.

आवाजाचं कार्ड जुनं आहे, नव्या विंडोजवर चालणार नाही.

आणि खाली आणखी एक ओळ…

कार्ड वापरात आहे. वापरणारा प्रोग्राम बंद करा.

प्रोग्राम एकही चालू नव्हता. यशराजनं यादी उघडून बघितली. यादी रिकामी.

त्यानं मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तपासणी. पुन्हा तीच ओळ.

“अडकलं असेल काहीतरी,” तो म्हणाला. मशीन बंद करून त्यानं डबा उघडला, स्क्रू काढला आणि कार्डच बाहेर काढलं. स्पीकरची पिन जमिनीवर पडली. पुन्हा चालू केलं. पुन्हा तपासणी.

कार्ड वापरात आहे.

कार्ड त्याच्या हातात होतं.

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. बाहेर ओरडणाऱ्या बकऱ्या एकाएकी गप्प झाल्या.

आणि मग…

“बेगम…”

स्पीकरमधून. ज्याची पिन जमिनीवर पडली होती, त्या स्पीकरमधून.

“बेगम… ऐकू येतं काय गो…”

लांबून बोलल्यासारखा, घसा कोरडा पडलेला आवाज. बिलाल भिंतीला टेकला आणि खाली बसला. “भाईच हाय,” एवढंच म्हणाला तो.

बेगमचाची स्पीकरला तोंड लावून सांगत होती, “येतं हो, येतं! कुठं हायसा तुम्ही? बोला ना!”

तिकडून पुन्हा तोच प्रश्न. मग पुन्हा एकदा. मग खरखर, आणि मग तीही नाही.

घरी येताना यशराजनं मला कारण सांगितलं. लांब वायर एरियलसारखी काम करते, कुठल्या तरी वायरलेसवरचं बोलणं पकडते. असं होतं कधी कधी.

“वायरलेसवाल्याला बेगमचं नाव कसं माहीत?” मी विचारलं.



नवं कार्ड मुंबईहून मागवायला वेळ लागला. ते आणि नवा हेडफोन-माईक घेऊन आम्ही गेलो ते वीस मार्चला, क्लास बंद होता म्हणून. गर्दीतून गाडी जाईना, म्हणून चालतच गेलो. मोहल्ल्यात घरोघरी टीव्ही लागलेले. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आखातात. बायका पडद्याला डोळे लावून बसलेल्या.

बेगमचाचीचा टीव्ही मात्र बंद होता. तिनं केस नीट विंचरले होते, आणि पहिल्यांदाच ती हसताना दिसली.

यशराजनं नवं कार्ड बसवलं आणि तपासणी सुरू केली. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो.

कोणतीही अडचण आढळली नाही.

कार्ड वापरात असल्याची ओळही नव्हती. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मनात म्हटलं, चला, जुनं कार्डच खराब होतं.

“आता टाकतो एक्सपी,” यशराज म्हणाला. “आधी फायली उतरतील, मग मशीन आपोआप बंद होऊन चालू होईल. मग झालंच, चाची.”

“मग माझं जाईल ना तिकडं?”

“जाईल,” तो म्हणाला. फोन अजून बंदच होता.

तेवढ्यात असरची अजान झाली. “मी नमाज पढून येते, मग चहा टाकते,” असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

फायली उतरत होत्या. रिकामा वेळ म्हणून यशराजनं हेडफोन कानाला लावला आणि माईक तोंडाशी धरला. स्क्रीनवर आवाजाची हिरवी पट्टी उघडली.

“हॅलो, हॅलो… माईक टेस्टिंग.”

पट्टी हलली. तो थांबला.

पट्टी हलतच राहिली…

मला वाटलं, गंमत करतोय. त्याच्याकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हेडफोनच्या फटीतून मलाही काहीतरी ऐकू येत होतं. बोलणं नव्हतं ते. वर चढणारा, खाली उतरणारा, पुन्हा वर चढणारा भोंगा.

यशराज माईकमध्ये काहीतरी पुटपुटला. बाहेर लाऊडस्पीकरवर भाषण चाललं होतं, मला शब्द कळले नाहीत. मग तो एकदम ओरडला.

“चाची! चाची, इकडं या! लवकर!”

स्क्रीनवर पाटी आली. फायली उतरल्या आहेत. मशीन आता पुन्हा सुरू होईल.

खाली लाल पट्टी भरत चालली होती.

“चाची!”

आतून आवाज आला, “अल्लाहु अकबर.” जरा मोठ्यानं.

मोहल्ल्यात राहिलेल्यांना हे कळतं. मी नमाजेत आहे, उठू शकत नाही, असं सांगायची ती पद्धत. यशराज वेड्यासारखा बटणं दाबत होता. पट्टी थांबेना. मी दाराशी धावले. चाची सजद्यात होती, कपाळ जमिनीला टेकलेलं. तिला हात लावायला माझा हात धजला नाही.

मागे वळून बघितलं तर स्क्रीन काळी झाली होती.

चाची घाईघाईनं आली. “काय झालं रे?”

“काही नाही,” यशराज म्हणाला. “आवाज तपासायचा होता.”

एक्सपी छान बसलं. माईकही छान चालला. त्या संध्याकाळी बेगमचाची त्यात बोलत बसली होती, घरातलं सगळं सांगत. आम्ही निघालो तरी बोलतच होती.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही. एकदाही नाही.

मे महिन्यात शहबाज कुवेतहून आला. तो बेगमचाचीचा मामेभाऊ. आम्ही भेटायला गेलो तेव्हा घरात माणसं बसली होती आणि चाची पडद्याआड होती. नवऱ्याच्या मृत्यूची खबर आली की बाई ठरलेली मुदत घरात, पडद्यात राहते. तिची इद्दत सुरू झाली होती.

शहबाजनं सांगितलं ते असं. इस्माईलचा ट्रेलर रस्त्यात जळाला होता. त्याला कुणीतरी इस्पितळात टाकून गेलं. कपडे जळालेले, कागद जळालेले, ओळख काही नाही. शुद्ध आलीच नाही. महिनोन् महिने तसाच पडून. पुढं बेवारस मुडद्याचा फोटो फिरत फिरत शहबाजकडे आला, तेव्हा कळलं.

“तिथली एक मल्याळी नर्स बोलली मला,” शहबाज म्हणाला. “म्हणे, रोज दुपारी त्याचे ओठ हलायचे. आवाज नाय, नुसते ओठ. घसाच गेला होता ना जळून.”

शहबाज पडद्याकडे बघत पुढे सांगू लागला.

“लढाई सुरू झाली त्या दिवशी कुवेतमध्ये भोंगे वाजले. सगळे तळघरात पळाले. ती एकटी राहिली त्याच्याजवळ. म्हणे, त्याचे ओठ हलत होते, आणि मधेच थांबले. मग त्यानं मान जराशी वळवली. कान देऊन पडला होता, कुणीतरी बोलणार हाय असा. संध्याकाळपर्यंत तसाच. मग गेला.”

मी यशराजकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

पडद्याआडून चाचीनं विचारलं, “यशराज, त्या दिवशी मला हाक कशाला मारलीस रे?”

“आवाज तपासायला, चाची.”

“बरं,” ती म्हणाली.

तिथून आम्ही कामासाठी पोलादपूरला निघालो. गाव मागे पडल्यावर यशराजनं मोटारसायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून उन्हातच उभा राहिला. मी आधी काही विचारलं नाही. माझ्यासारखी बाई गप्प राहिली, यावरूनच काय ते समजा.

“मी हॅलो म्हटलं ना,” तो म्हणाला, “तर तिकडून विचारलं, कोण?”

“मग?”

“मी काहीच बोललो नाही. मग म्हणाला, बेगमला दे.”

“आणि तू काय म्हणालास?”



“मी म्हणालो, थांबा, देतो.”

आम्ही हे चाचीला सांगितलेलं नाही. सांगून तिच्या हाती काय लागणार आहे? दर ईदला आम्ही तिच्याकडे जातो, ती शीरखुर्मा पुढे ठेवते, आणि कधी ना कधी विचारतेच, त्या दिवशी हाक कशाला मारलीस रे? यशराज तेच उत्तर देतो. ती बरं म्हणते, आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहते.