अंगाऱ्याचा हात

रविवारी जोतिबाहून आणलेल्या अंगाऱ्याची पुडी पदराच्या गाठीत बांधायची आणि भेटीच्या वेळेला कोल्हापूरच्या दवाखान्यात हजर व्हायचं, हा उचगावच्या बाळाबाईचा नेम. तिचा नवरा आकाराम पोटाच्या ऑपरेशननंतर आयसीयूत पडून होता. कोपऱ्यातल्या खाटेवर चंदगडचे गणपतराव होते. त्यांच्याकडं कुणी फिरकायचं नाही. बाळाबाईचं मन मऊ. आधी त्यांच्या कपाळाला बोट लावायची, तोंडावरून मायेनं हात फिरवायची, मग तशीच नवऱ्याकडं यायची.

"मावशी, त्यांना हात लावू नका. लावलात तर धुवा तरी!" मोना सिस्टर कावायची.

"अंगाऱ्याचा हात कोण धुतंय व्हय?" बाळाबाई फणकारायची. देवाचं मोरीत कसं सोडायचं?

गणपतराव गेले. पाठोपाठ आकाराम तापानं फणफणला. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं.

"कोपऱ्यातल्या पेशंटचाच जंतू आहे. यांची साखर, लघवीची नळी, इतके दिवस चाललेली अँटिबायोटिक्स. त्याला आयतं रान मिळालं. आता तो औषधांना दाद देत नाही. पण तो आला कुणाच्यातरी हातानंच."

बाळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझाच हात, एवढं तिच्या तोंडून निघेना. घरी जाऊन तिनं पुडी तुळशीत रिकामी केली आणि कातडं सोलवटेपर्यंत हात घासले.

दुसऱ्या दिवशी ती हातमोजे घालून आत शिरली. एसीची घरघर थांबली होती. फिनेलच्या वासाखाली ओल्या राखेचा वास होता. आकारामच्या कपाळावर ताजा अंगारा होता.

"कुणी लावला...?"

"तूच की... आत्ता," तो पुटपुटला. "हात लई गार तुझा..."

शेजारच्या खाटेवरच्या कपाळावरही अंगारा होता. त्याच्या पलीकडच्याही. कोपऱ्यात कालच एक बाळंतीण आणली होती, तिचं कपाळही सुटलं नव्हतं. लेकीच्या उशाशी उभी असलेली तिची आई बाळाबाईला बघून लगबगीनं पुढं आली.

ती मी नव्हे, असं बाळाबाईला ओरडून सांगायचं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

म्हातारी तिच्या पाया पडली.

"लई उपकार झालं, बाई. मघाशी म्हणालासा, खाली काचेच्या पेटीतल्या बाळालाबी लावून येतो... लावलासा न्हवं?"