कोमट नळी

"रक्त माझं, सुई खाणार मी, आणि वर पैसेही मीच मोजायचे," लॅबच्या बाकावरचे आजोबा स्वतःशीच पुटपुटले.

शेजारी बसलेल्या वहिनी गालातल्या गालात हसल्या. वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, भावजी, त्यांची पिशवी धरत आणि चुकीचे अंदाज बांधत.

लॅबच्या मालकांनी दोघांना आत बोलावलं.

"बाहेरच्या डॉक्टरांनी मला शाबासकी दिली," मालक म्हणाले. "म्हणे, शिंप्याच्या तापाचा रिपोर्ट वेळेवर दिलात, माणूस वाचला. शिंप्यानं इथे एक पैसा भरलेला नाही. आणि असा तो एकटा नाही."

त्यांनी शिंप्याच्या रिपोर्टची चिठ्ठी पुढे सरकवली. मशीनमधून छापून आलेली. आकडा होता, नावाची जागा कोरी.

"मशीनमध्ये घालायचं चाचणीचं औषध कमी भरतं?" वहिनींनी विचारलं.

"थेंबाथेंबाचा हिशेब जुळतो. जेवढ्या पावत्या तेवढ्या चाचण्या, शिवाय दिवसातून तीनदा मशीनची परीक्षा. तिला कंट्रोल म्हणतात. तयार नळ्या येतात, रक्तासारख्याच लाल. उत्तर आधीच ठाऊक असतं. ते जुळलं की मशीन ठीक. महाग असतात हो, फ्रिजमध्ये जपाव्या लागतात. पण माझी माणसं काटकसरी. हल्ली नळ्यांचा खोका संपता संपत नाही." मालक क्षणभर खुशीत आले, मग पुन्हा तापले. "चोर सापडला की नोकरी गेली आणि पोलीसही आले."

काउंटरवाला मान खाली घालून बसला होता.

"पैसे भरल्याशिवाय मी नावाचं स्टिकर देत नाही. नळीवर स्टिकर नसेल तर मशीन नाव छापत नाही."

"किंमत ऐकून कुणी परत जातं?"

त्यानं पेनं सारखी केली. "जातात. ती कोपऱ्यावरची इस्त्रीवाली... ती नंतर आली नाही." आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

मशीनवाला मफलर गुंडाळून बसला होता. एसीमुळे खोलीत दात वाजत होते.

"मशीनला उकडतं म्हणे," तो म्हणाला. "माझी बोटं बधिर होतात त्याचं काही नाही. सकाळची कंट्रोलची नळी तर बर्फ. दुपारची, संध्याकाळची बरी, तेवढीच हाताला ऊब."

"फ्रिजमधून तुम्ही काढता?"

"फ्रिज सिस्टरांच्या खोलीत. त्या देतात, मी लावतो. निघालेली चिठ्ठी त्याच नेऊन उत्तर ताडून बघतात."

"कोपऱ्यावरची इस्त्रीवाली माहीत आहे?"

"माझे शर्ट तिच्याकडेच..." त्यानं मफलर नाकावर ओढला. "असो."

सिस्टर त्या आजोबांचं रक्त काढत होत्या. "मूठ मिटा आजोबा. हलकेच, भांडायला निघाल्यासारखी नको."

"चोर कोण असेल, सिस्टर?" भावजींनी खडा टाकला.

"चोरीला काय गेलं?"

"पैसे."

"कुणाचे?" सिस्टरांनी सुई काढून कापूस दाबला.

बाहेर येताच भावजी म्हणाले, "काउंटरवालाच. स्टिकरं त्याच्याकडे."

"भावजी, त्यानं स्टिकर दिलं असतं तर चिठ्ठीवर नाव आलं असतं."

रुग्ण गेल्यावर सगळे मालकांच्या खोलीत जमले.

"नाव न लागणारी नळी इथे एकच," वहिनी म्हणाल्या. "कंट्रोलची. म्हणून चिठ्ठी कोरी आणि हिशेब चोख. परीक्षेसाठी जाणारं औषध जातंच होतं, फक्त नळी दुसऱ्या कुणाची तरी. म्हणूनच तुमचा खोका संपत नाही. ती काटकसर नव्हे."

"पण कुणी?"

"फ्रिजमधली नळी गार हवी. हातात ऊब देते ती आत्ताच अंगातून काढलेल्या रक्ताची. ती काढणारा आणि देणारा हात एकच आहे."

मशीनवाल्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं.

"मीच," सिस्टर म्हणाल्या. "सकाळची परीक्षा एकदाही चुकवली नाही. बाकीच्या दोन मी माणसांना दिल्या."

"आणि दुपारी मशीन बिघडलं असतं तर? चुकीचा आकडा गेला असता," वहिनींनी विचारलं.

"ती भीती रोज होती. पण चाचणीच न करता घरी पाठवायची भीती मोठी होती. उद्याही हेच करीन."

"उद्या तुम्ही इथे नसाल." मालकांनी फोन उचलला. "ही चोरी आहे. माझी लॅब म्हणजे धर्मशाळा नाही."

"लावा फोन. सगळं सांगते मी."

मालकांनी दिलेलं फीचं पाकीट वहिनींनी टेबलावर परत ठेवलं. "माझी फी नको. कोण ते तुम्ही विचारलंत. का, ते कुणी विचारलंच नाही."

मालक आकडे दाबू लागले. तेव्हा काउंटरवाला खुर्चीवरून उठला.

"पोलिसांना हेही सांगा, साहेब. इस्त्रीवाली मेली. तापानं फणफणलेली होती, चाचणी करा म्हणून माझ्यासमोर उभी होती. किंमत मी सांगितली आणि ती घरी गेली. किंमत तुम्ही लावली होती. आपण मारलं तिला."