न कापलेला मेणदोरा

“माझ्या दिरानं जाळला,” फोटोग्राफरबाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. “भाऊजींनीच संगणक जोडून दिला आणि त्यांनीच त्याची वाट लावली.”

टाचणीने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. सडपातळ बांधा आणि बोचरे प्रश्न यांमुळे मोहल्ल्याने तिला हे नाव दिलं होतं, आणि तिने तेच ‘खासगी तपास’ या पाटीवर रंगवून घेतलं होतं. कोपऱ्यात तिचे मामा पेंगत होते. घरी थांबलं की मामी कामाला जुंपते, म्हणून ते प्रत्येक तपासात भाचीबरोबर असत.

“काय गेलं त्यात?” टाचणीने विचारलं.

“आकाश,” बाई म्हणाल्या. पोटासाठी त्या लग्नाचे फोटो काढत. पण अंधाऱ्या रात्री दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशातला एकच फिकट ढग त्या वर्षानुवर्षं टिपत आल्या होत्या. सगळे फोटो त्या संगणकातल्या डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती.

“बटण दाबलं, टिक असा आवाज आला, जळका वास सुटला. दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्कला पाच व्होल्टच्या जागी बारा मिळाले. पण वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, तपासला तर ठणठणीत. म्हणजे कुणीतरी मुद्दामच केलं ना?”

“दिरांनी का करावं?”

“आमचं वाजलं होतं. मी मोठा पॉवर सप्लाय मागत होते, ते म्हणाले, साडेपाचशे वॉट बास. मी सगळ्यांसमोर त्यांना चिक्कू म्हटलं. आता सांगून टाकलंय, या घरात पाऊल टाकू नका.”

संगणक बाईंच्या कामाच्या खोलीत होता. टाचणीने बाजूची पत्रा-झडप काढली आणि ती बघतच राहिली. मामाही जागे झाले.

डिस्ककडे जाणारी वायर काळ्या मेणदोऱ्याने बांधली होती. बोटाबोटाच्या अंतरावर एकसारखी गाठ, प्रत्येक वळण ओळीत. त्यावर धुळीचा पातळ थर होता, एकही गाठ सैल नव्हती.

“माणसाच्या हातचं वाटत नाही,” मामा हळूच म्हणाले.

“टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असं बांधतात. धाकटे दीर तिथेच आहेत ना?” टाचणीने विचारलं. बाईंनी मान डोलावली.

जाड वायरी मात्र प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी कशाबशा आवळल्या होत्या. टाचणीने भिंग काढून डिस्कच्या पाठीवरची हिरवी पट्टी न्याहाळली. तिळाएवढा एक काळा ठिपका जळला होता. बाकी पट्टी स्वच्छ होती.

तेवढ्यात बाईंचे यजमान डोकावले. “मला यातलं ओ की ठो कळत नाही,” ते म्हणाले. “पण साडेआठशे वॉट असून जळावं म्हणजे नवलच.”

टाचणीने भिंग खिशात ठेवलं.

संगणकाचे भाग विकणारा दुकानदार आधीच वैतागलेला होता. “माझा माल अस्सल. धाकटे साहेब प्रत्येक भागाला किती वॉट लागतात त्याची बेरीज करून आले होते. साडेपाचशेत ती आरामात बसत होती, मी तोच दिला.”

“आणि डब्यापासून सुट्या होणाऱ्या वायरी?”

“ज्या डब्याबरोबर आल्या त्याच डब्याला लावायच्या. एकट्या वायरी मी विकत नाही की परत घेत नाही.”

“हाच चोर,” बाहेर आल्यावर मामा म्हणाले. “फार तोंड चालतं त्याचं.”

धाकटा एक्स्चेंजमध्ये भेटला. त्याने मान वर केली नाही. “वहिनींना सांगा, मी दोरा बांधला त्यानंतर आत हात घातलेला नाही. आणखी काही सांगायचं नाही.”

संध्याकाळी टाचणीने सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं. धाकटा दाराशीच उभा राहिला.

“या घरात साडेपाचशे वॉटचा डबा आला,” ती म्हणाली. “मग साडेआठशे कुठून आले, दादा?”

यजमानांचा चेहरा उतरला. टाचणीने डबा ओढून त्याची आतली बाजू फिरवली. चिठ्ठीवर साडेआठशे होतं, कंपनीही वेगळी होती.

“हिला मोठा हवा होता,” यजमान पुटपुटले. “म्हटलं, गुपचूप बदलू, खूश होईल. जळल्यावर तोंड उघडायची हिंमत झाली नाही.”

“जाड वायरी नव्या डब्याला जडलेल्याच होत्या, त्या तुम्ही पट्ट्यांनी बांधल्या. डिस्कची वायर मात्र जुनीच ठेवलीत. खाच जुळली, वायर बसली. पण डब्याच्या बाजूला प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असते. जिथे पाच यायचे तिथे बारा आले. डबा चांगला, वायर चांगली, दोघांची जोडी मात्र जीवघेणी. नवी वायर होती तुमच्याकडे. का नाही लावलीत?”

यजमानांनी भावाकडे पाहिलं. “दोरा कापावा लागला असता. कात्री हातात घेतली होती मी. इतकं सुंदर बांधलेलं कापवेना.”

धाकट्याने पहिल्यांदाच मान वर केली.

“तो जळका ठिपका पहारेकरी आहे,” टाचणी म्हणाली. “जास्त वीज आली की तो स्वतः जळतो आणि मागच्याला वाचवतो. तो काढला आणि जुना डबा लावला तर डिस्क बहुतेक उठेल.”

यजमानांनी कपाटावरून जुना डबा काढून दिला. धाकट्याने आपल्या हत्यारांतली डाखाची सळई तापवून ठिपका उचलला, डबा बसवला, बटण दाबलं. डिस्क गुणगुणायला लागली. बाईंनी तोंडावर हात धरला.

पडदा आधी काळा झाला. मग त्या काळ्यातून तांबूस धूर वर आला, त्याच्या पोटात निळे ठिपके, ठिपक्यांमागे आणखी ठिपके. मामांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

“हा उजेड निघाला त्याला हजारो वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “तिथे तारे जन्मतात.”

धाकटा दारापासून पडद्याजवळ आला होता. “वहिनी, हे यासाठी होतं? मला कधी दाखवलं नाहीत.”

बाईंनी उठून आपली खुर्ची त्याला दिली, आणि अगदी पहिल्या रात्रीचा फोटो उघडला.