पियानोच्या बाकीच्या तारा

एकेक सूर खरा, पण सगळे मिळून वाजले की खोटे, असं कधी होतं का? अस्मा सकाळपासून याच कोड्याशी झटत होती. आता तीन वाजून गेले होते आणि तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत तिचं घर. खाली नानांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा कारखाना, वर तिची खोली. सतारीच्या घरात पियानो शिरला तो तिच्या अम्मीमुळे. अम्मी मिशनच्या शाळेत पियानो शिकली, पुढे इंजिनिअर झाली, आणि आता मंगळाकडे जाणाऱ्या यानात हवापाण्याची यंत्रं सांभाळणार होती. यान अजून पृथ्वीभोवती घिरट्या घालत होतं. उद्या निघणार होतं ते थेट तीन वर्षांसाठी. यानावरची रीत अशी, की प्रत्येक प्रवाशाने घरचा एक आवाज निवडायचा. रोज सकाळी त्याच आवाजाने त्याला जाग येणार. संध्याकाळी पाचला ही निवड पक्की होणार, मग परतेपर्यंत बदल नाही. म्हणजे हजारावर सकाळी अम्मी जे ऐकणार, ते अस्माला दोन तासांत वाजवून पाठवायचं होतं.

शाळेचा पियानो दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला. अस्माजवळ होता तो नुसत्या पट्ट्यांचा फळा आणि पायाने दाबायचं एक पायडल. त्यात ना तार, ना लाकूड. पट्टी किती जोरात दाबली, पायडल कधी दाबलं, एवढंच तो संगणकाला कळवी, आणि आवाज काढी संगणकातला आभासी पियानो (खरा नसून खऱ्यासारखा भासणारा). असे दोन पियानो तिने बसवून घेतले होते. एकाचं नाव ‘दिवाणखाना’, दुसऱ्याचं ‘सूत्र’.

दोघांची तऱ्हा वेगळी. दिवाणखाना बनवणाऱ्यांनी एका भल्या थोरल्या पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवून प्रत्येक आवाज टिपून ठेवला होता. अशा टिपलेल्या आवाजाला ध्वनिनमुना म्हणतात. अस्माने पट्टी दाबली की तो जोर ओळखून योग्य नमुना बाहेर काढी. सूत्रात टिपलेलं काहीच नव्हतं. तार किती लांब, किती ताणलेली, हातोडी किती मऊ, हे धरून तो आवाज त्या क्षणी गणिताने घडवी. म्हणून दिवाणखाना संगणकावर उतरायला आदली अख्खी रात्र गेली, आणि सूत्र चहा गार होण्याआधी बसलं.

पण दोन्ही पियानो निर्जीव. एकच सूर वाजवावा, तर डोळे मिटून खरा वाटे. अम्मीसाठी बांधलेली धून वाजवावी, तर जणू कुणी एकेक पत्रा ठोकून मोजतंय. अस्माने आवाज वाढवला, कमी केला, शेवटी खुर्ची सरकवून उभी राहिली.

जिन्यावरून नाना वर आले. त्यांच्या बोटांना लाकूड चिकटवायचा सरस लागलेला होता, आणि मागे मागे कानू होता. कानू म्हणजे कारखान्यातला यंत्रमानव. तयार सतारीची कंपनं मोजणं हे त्याचं काम.

“अगं, दहा माणसं दहा खोल्यांत कोंडून गायला लावलीस की काय?” नाना म्हणाले.

“नाना, तुम्हाला पियानोतलं काय कळतं?”

“पियानोतलं नाही गं. कोंडलेल्यातलं कळतं.”

त्यांनी खालून एक सतार मागवली. वरच्या तारांखाली सतारीला बारीक तारांची एक रांग असते, तिला तरफा म्हणतात. त्यांना कुणी छेडत नाही. नानांनी वरची तार छेडली, तिच्यावर बोट ठेवून ती थांबवली, तरी खोलीत सूर रेंगाळत राहिला. मग तरफांवर रुमाल अंथरून तीच तार छेडली. तिच्यावर बोट ठेवताच सूर तुटला.

कानूने कारण सांगितलं. तार थरथरते तेव्हा ती हवेला आणि लाकडाला हलवते. ते हलणं ज्या तारेच्या जातीचं असतं, ती तार न छेडताच थरथरू लागते. याला सहकंपन (एकाबरोबर दुसऱ्याचं आपोआप कंप पावणं) म्हणतात. पियानोतही तेच. आत दोनशेच्या वर तारा, आणि बहुतेक तारांवर लोकरीची गादी दाबून बसलेली. पट्टी दाबली की त्या पट्टीच्या तारांवरची गादी उचलली जाते. उजवं पायडल दाबलं की साऱ्या गाद्या एकदम उठतात, आणि एक सूर वाजला तरी मागे कितीतरी तारा गुंजतात.

“आता खालचा सा इतका हळू दाब, की वाजणार नाही. तसाच धरून ठेव,” कानू म्हणाला. “वरच्या सा वर एक टोला मार आणि सोड.”

अस्माने तसं केलं. खऱ्या पियानोत अशा वेळी खालची तार गुणगुणली असती, कारण लांब तार अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांनीही थरथरते आणि तो अर्धा तुकडा वरच्या सा च्या जातीचा असतो. इथे दोन्ही पियानोंतून चकार शब्द आला नाही.

“मग गुंजणं कुणी काढलं?” नानांनी विचारलं.

अस्माने संगणकावर पियानोंच्या मांडणीची यादी उघडली आणि तिचे कान गरम झाले. काढलं होतं तिनेच. पियानो बसवताना यादीत आलं होतं: हातोडीचा आवाज, पायडलचा आवाज, पट्टी वर येण्याचा आवाज, इतर तारांची गुंज. दोन्हीकडे तिने भराभर सगळं बंद केलं होतं. तिच्या घरात मूल सतार हाती घेतं ते आधी खरखर शोधायला. दांडीवरचा पडदा सैल आहे का, भोपळ्याला चीर आहे का, जादा आवाज आला की घालवायचा. तिने हे कबूल केलं तेव्हा नाना इतके हसले की सरसाचा हात कपाळाला लागला.

“वाद्याची खरखर वेगळी, पोरी, आणि वाद्याचा श्वास वेगळा.”

चार वाजले होते. तिने सगळं परत चालू केलं. धून दोन्हीकडे वाजवून घेतली. तेवढ्यात कानूने तिला अडवलं. जो आवाज थोडा मोठा, तोच कानाला चांगला वाटतो, म्हणून आधी दोन्ही सारखे करायला हवेत. त्याने मोजून सारखे केले आणि कोणता कुठला हे न सांगता उलटसुलट ऐकवले. एकट्या सुराला नानांनी दिवाणखान्याला कौल दिला. पायडल दाबून सूर एकमेकांत मिसळले तिथे दोघांनीही सूत्र निवडलं, कारण तिथे प्रत्येक तार बाकीच्या तारांना त्या त्या क्षणी उत्तर देत होती. अम्मीची धून बहुतेक पायडलवरच होती.

पाचला आठ मिनिटं उरली असताना सूत्रावरची धून यानाकडे निघाली. मग वाट पाहणं आलं. अस्मा गच्चीवर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. अम्मीला ते यंत्राचं वाटलं तर? तीन वर्षं रोज सकाळी यंत्र?

साडेपाचला पडद्यावर अम्मी आली. डोळे ओलसर, पण आवाज नेहमीचा.

“तिसऱ्या ओळीत पायडलवरून पाय उशिरा उचललास. मला इथे ऐकू आलं.”

एरवी अशा बोलण्यावर अस्मा फणकारली असती. आज अम्मीला यंत्र नव्हे, तिचा पाय ऐकू आला होता, म्हणून तिने अम्मीला ते पुन्हा म्हणायला लावलं.

मग अस्माच्या डोक्यात दुसरंच वळवळू लागलं. सूत्र तारेचं गणित करतं, तर हवेचंही करेल. मंगळाची हवा विरळ, थंड, वेगळ्या वायूची. तिथे अजून कुणी पियानो नेलेला नाही. पण हवेचे आकडे मिळाले तर तो कसा वाजेल ते मिरजेत बसून ऐकता येईल. मंगळावर उतरल्यावर आकडे पाठवशील का, असं तिने विचारलं.

“पाठवीन,” अम्मी म्हणाली. “तोवर पाय वेळेवर उचलायला शीक.”