नवा अडसर

कंदील बारीक करा रे. आणि मारुती, तू जरा पुढं सरक. उद्यापासून शेटच्या बंगल्यात राहायला जाणार म्हणतोस ना? नरहरी दलालानं दाखवला असणार. त्या माणसाच्या जिभेला हाड नाही. बंगला दाखवला, नक्षीचं दार दाखवलं. पण त्या दाराला एक फळी वेगळ्या रंगाची का आहे, ते सांगितलं का त्यानं? नाही ना? मग ऐकून घे आणि खुशाल जा. ही नामदेव सुताराची गोष्ट. मी त्याचा शेजारी, आणि त्या रात्री टांगा माझाच होता.

तारापूरची शेटआळी तुम्ही पाहिलीच आहे, समुद्राकडचे ते उंच जोत्यावरचे बंगले. इथं वीज केंद्राचं काम निघालं, बाहेरून साहेब आणि कंत्राटदार यायला लागले, तेव्हा थोरल्या शेटच्या मुंबईतल्या नातवाला आजोबांच्या बंद बंगल्याची आठवण झाली. विकायचा, पण आधी नटवायचा. नरहरीनं नामदेवाला बोलावून सांगितलं, "गिऱ्हाइकाला जुनं जसंच्या तसं पायजे. जिथं जे व्हतं, तिथं ते बसव."

नामदेव म्हणजे असा माणूस, की स्टुलाचा एक पाय मोडलाय म्हणून दिलं तर चारही नवे करील. बायकोला, उषाला घेऊन तो बंगल्यातच राहिला. जिना झाला, खिडक्या झाल्या. पुढचं दोन झडपांचं दार तर त्यानं असं घडवलं, की आळीतून जाणारा थांबून त्यावर हात फिरवी. सगळं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, दाराच्या आतून दोन लोखंडी आकडे आहेत, पण त्यांत आडवा घालायचा अडसर नाही. लागला तो ऐनाचं लाकूड तासायला.

साखरबाई मासळीवाली रोज त्या ओट्यावर टेकायची. म्हातारी, दात गेलेली. ती म्हणाली, "नामदेवा, सगला नवा कर, पन त्या आकड्यांत लाकूड घालू नको."

"का गं?"

"थोरला शेट डावखुरा व्हता. रेड्यासारखा. रातचा अडसर घातला का दार उघडाचा नाय, असा त्याचा हुकूम. राहीबाई कामाला व्हती. तिचा पोर तापानं फनफनला, तवा तिचा दादला दाराशी येऊन हाका माराला लागला. ती उठली, अडसर काढला... तोच शेटनं हिसकून घेतला. दादला भायेर हाक मारी, का आत एक घाव. हाक, का घाव. त्याला काय ठावं? तो हाका मारतच रायला."

साखरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "शेट मेला तवा आमीच तो अडसर खाडीत सोडला. आकडे रिकामे ठेवलेत, ते उगा नाय."

नामदेव हसला नाही. पण थांबलाही नाही. काम अर्धं टाकणं त्याच्या हातून कधी झालंच नाही. अडसर तयार झाला. इतका जड, की उषाला एकटीला तो जागचा हलत नसे.

सदुसष्ट साल. कार्तिकातली अमावस्या, शुक्रवार. सकाळी गिऱ्हाईक येणार आणि बिजागऱ्यांचे पितळी स्क्रू कमी पडले, म्हणून नामदेव सायकलीनं बोईसरला आणि तिथून गाडीनं पालघरला गेला. अडसर भिंतीला टेकवून ठेवला. निघताना उषाला म्हणाला, "नुसती कडी लाव." परतीची गाडी रखडली. तो सायकल मारीत शेटआळीत शिरला तेव्हा अकरा वाजून गेले होते. आळीत दिवा नव्हता. बंगल्याच्या खिडकीत तेवढा कंदील दिसत होता.

त्यानं दार वाजवलं. "उषा, उघड गं. मी हाय."

पावलं आली. कडी हलली... आणि थांबली.

"अवो..."

"काय?"

"अडसर कुनी घातला?"

"उषा, मागं सर!"

आत आकडा करकरला. जड लाकूड उचललं गेलं...

धप्प.

उषा किंचाळली.

"उषा!"

धप्प.

"उषा! काय झालं? उषा!"

धप्प. या वेळी हाड मोडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

त्यानं पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं. आणि साखरबाई आठवली.

हाक, का घाव.

तोंड मिटलं.

आतही सगळं थांबलं. उषा कण्हत होती. आणि तिच्याजवळ कोणीतरी श्वास घेत होतं. जड. पुढच्या हाकेची वाट बघत...

विचार करा रे. दाराआड आपलं माणूस मरतंय आणि त्याला हाक मारायची नाही. याला दोन वर्षं झाली. खिडक्यांना गज. मागच्या दाराला आतून सागाच्या फळ्यांची थप्पी, त्यानंच रचलेली. राहिलं हेच दार, ज्याच्यावर त्यानं जीव लावला होता.

ओट्याखाली सरपणाची कुऱ्हाड होती. ती त्यानं उचलली आणि नक्षीवर घाव घातला.

आतूनही घाव आला. दारावर.

म्हणजे उषावर नाही.

त्यानं दुसरा घातला. आतून दुसरा आला. तिसरा. तिसरा. एकच फळी, दोन्ही बाजूंनी. ढलप्या उडाल्या. फळी फुटली.

भोकातून त्यानं हात घातला. कडी चाचपली. सापडली...

बोटांवर घाव बसला.

तो ओरडला नाही. ओठ दातांखाली फाटला, पण ओरडला नाही. मोडक्या बोटांनीच त्यानं कडी ओढली.

दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. कंदील जळत होता. उषा कोपऱ्यात पडलेली, केस रक्तानं चिकटलेले, उजवा हात कोपराखाली भलतीकडं वळलेला. डोळे उघडे होते. श्वास चालू होता. आणि अडसर भिंतीला टेकून उभा होता, त्यानं ठेवला होता तसाच.

मला उठवायला आला तेव्हा तो बोलेना. नुसता टांग्याकडं हात करी, आणि त्या हाताची बोटं लोंबत होती. बोईसरच्या डॉक्टरकडं पोचेपर्यंत मांडीवर तिचं डोकं घेऊन बसला होता, पण उषाचं नावसुद्धा त्यानं घेतलं नाही.

वाचली ती. दोघं आता सरावली गावात असतात. त्यांचं दार रात्री उघडंच असतं, आणि बाहेरून हाक मारायची नाही, सरळ आत जायचं. मीसुद्धा तसाच जातो. नामदेवाची दोन बोटं गेली, त्यांच्याबरोबर सुतारकी गेली. नरहरीनं फुटक्या जागी दुसरी फळी ठोकली. बंगला अजून विकायचाच आहे, म्हणून तर तुला राहायला देतोय.

दुसऱ्या दिवशी उषाची लुगडी आणायला मी गेलो होतो. भर दुपारी. अडसर तिथंच होता. नवंकोरं लाकूड, आठवड्यापूर्वी घडवलेलं, अंगावर रंध्याचे पट्टे अजून दिसत होते. पण एका टोकाशी ते झिजलेलं. गुळगुळीत, काळपट, वर्षानुवर्षं कोणी धरत आल्यासारखं. चार बोटांच्या खाचा होत्या, अंगठ्याची एक. मी उजव्या हातानं धरून बघितलं. अंगठा काही जागेवर येईना.

मग डावा लावला...

बसला.