पट्ट्यात कुणाचा हात होता?

ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या, मृणालच्या घरात घडलेली आहे. ठाण्यात, वर्तकनगरला. आणि रात्री नाही... भर दुपारी.

तिचे बाबा, आनंदकाका, दिवाळीनंतर गेले. बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांचं बीपीचं मशीन मग तिची आई, वासंतीमावशी, वापरायला लागली. तिने मोजलं की आकडा थेट मृणालच्या मोबाईलवर.

त्या दुपारी मृणाल वागळे इस्टेटला ऑफिसात होती.

मोबाईल वाजला.

१९२/११६.

तिने घाबरून फोन लावला. "आई, गोळी घेतलीस ना?"

"घेतली की. का गं?"

"अगं, केवढं बीपी आलंय तुझं!"

"मी कुठे मोजलंय? भाजी निवडतेय."

मृणालने रिक्षा पकडली. घरी येऊन मावशीचं मोजलं. अगदी नॉर्मल.

मशीन बिघडलं असेल, म्हणत दोघी चहा ठेवायला आत गेल्या.

आणि हॉलमधून आवाज आला...

घुर्रर्र...

दोघी बाहेर आल्या, तर टेबलावर मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा आपोआप फुगत होता. रिकामा पट्टा वेडावाकडा फुगतो. हा गोल फुगला... आत कुणाचा तरी दंड असल्यासारखा.

खाली खेळणाऱ्या पोरांचा गलका एकदम थांबला होता.

हवा सुटली. मोबाईल वाजला.

तोच आकडा.

"अहो..." मावशी काकांच्या खुर्चीकडे बघून पुटपुटली.

मृणालने पट्टा उचलला. तो कोमट होता.

"तुझं मोज," मावशी म्हणाली.

"मला काय झालंय?"

"मोज म्हणते ना!"

१९२/११६.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी स्वतःच्या मशीनवर तपासलं. जवळपास तेवढंच. "डोकं दुखत नव्हतं?"

दुखत होतं. कामाचं टेन्शन म्हणून तिने अंगावर काढलं होतं.

लगेच गोळ्या सुरू झाल्या. आता तिचं बीपी ताब्यात आहे. सगळे म्हणाले, बाबांनीच लेकीला वाचवलं.

तिलाही तसंच वाटायचं.

परवा मी त्यांच्याकडे गेले. गप्पा चाललेल्या, आणि कोपऱ्यात ते मशीन सुरू झालं...



मृणालने मोबाईल बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"किती आलंय गं?" मी विचारलं.

तिने मोबाईल पालथा ठेवला.